मतांची किंमत : विश्वदृष्टी घडवताना तत्त्वज्ञान नेमकं काय करतं

ज्याने तत्त्वज्ञानाचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, त्याचीही एक विश्वदृष्टी असते. ‘जे व्हायचं ते होणारच’ असं सहज बोलून जाणारा माणूस काळ आणि कार्यकारणभाव यांबद्दल भलताच धाडसी दावा करत असतो. ‘त्याने मुद्दाम केलं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे’ असं म्हणणारा माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे हे गृहीत धरतो. ‘शेवटी सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ’ म्हणणाऱ्याने मन आणि शरीर यांचा हजारो वर्षांचा वाद एका वाक्यात निकालात काढलेला असतो. गंमत अशी की ही तिन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दिवसात निघू शकतात. त्याला त्यात काही खटकत नाही, कारण ही मतं कधी समोरासमोर आलेलीच नसतात.

जगात मुळात काय काय आहे, त्यातलं आपल्याला काय आणि कसं कळतं, आणि जगताना कशाला महत्त्व द्यायचं, या प्रश्नांची आपण धरून चाललेली उत्तरं म्हणजे आपली विश्वदृष्टी. इमॅन्युएल कांटने १७८१ साली ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात माणसाच्या बुद्धीला पडणारे प्रश्न तिनावर आणले : मला काय जाणता येईल? मी काय करायला हवं? मी कशाची आशा धरू शकतो? यांची उत्तरं बहुतेकांना शोधावी लागत नाहीत. ती आयती येतात. घरातून येतात, धर्मातून येतात, शाळेतल्या विज्ञानाच्या तासातून, बातम्यांतून येतात. त्यातली काही दोन-अडीच हजार वर्षं जुनी असतात, काही गेल्या शतकातल्या भौतिकशास्त्रातून अर्धवट झिरपलेली. ती एकमेकांशी जुळतात का, हे तपासायची वेळ सहसा येत नाही.

ती वेळ आणणं हे तत्त्वज्ञानाचं पहिलं काम. तत्त्वज्ञ म्हणजे विश्वाचं रहस्य उलगडून सांगणारा, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. मला ती फारशी पटत नाही. तशी भव्य दर्शनं रचणारे होऊन गेले, पण रोजचं तत्त्वज्ञान बरंचसं हिशेबनिसाच्या कामासारखं असतं : तुम्ही हे मत धरलंत ना, मग त्यासोबत आणखी काय काय मानावं लागतं आणि कशावर पाणी सोडावं लागतं, ते समोर मांडायचं.

दोन चित्रं, एक जग

विल्फ्रिड सेलर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६२ साली तत्त्वज्ञानाच्या उद्दिष्टाची एक व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की शक्य तितक्या व्यापक अर्थाने घेतलेल्या सगळ्या गोष्टी, शक्य तितक्या व्यापक अर्थाने, एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे समजून घेणं. वाक्य ऐकायला धूसर वाटतं, पण त्यामागची अडचण अगदी ठोस आहे. सेलर्सच्या मते आधुनिक माणसाकडे जगाची दोन चित्रं आहेत. एकात माणसं आहेत, त्यांचे हेतू आहेत, वचनं, अपराध, रंग, वेदना आहेत. दुसऱ्यात कण आहेत, बलं आहेत, समीकरणं आहेत. दोन्ही चित्रं आपापल्या जागी पूर्ण असल्याचा दावा करतात आणि दोन्ही एकाच जगाची आहेत.

खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी हीच अडचण १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. आपण दोन टेबलांपाशी बसून लिहीत आहोत, असं ते म्हणाले. एक ओळखीचं : रंग असलेलं, भरीव. दुसरं विज्ञानातलं : बहुतेक रिकामी जागा आणि त्यात इकडेतिकडे धावणारे विद्युतभार. एडिंग्टन यांचा कल दुसरं टेबल खरं मानण्याकडे होता. पण ‘भरीव’ या शब्दाने आपण नेहमी काय सांगतो? हात आरपार जात नाही, वर ठेवलेलं पुस्तक खाली पडत नाही, एवढंच ना? मग अणूंच्या आत मोकळी जागा असली म्हणून टेबल भरीव नाही, असं कसं ठरतं? विज्ञानाने टेबल खोटं पाडलं नाही, ते भरीव कशामुळे आहे हे सांगितलं. विश्वदृष्टीतले काही झगडे असे असतात, नीट पाहिलं की विरतात.

सगळे विरत नाहीत. इच्छास्वातंत्र्याचं उदाहरण बघा. चार विधानं घेऊ.

एक, जगात जे घडतं ते आधीच्या कारणांमुळे तसंच घडतं, माणसाचे निर्णयही त्यात आले. दोन, असं असेल तर कोणालाही, त्याने जे केलं त्याहून वेगळं काही करता आलं नसतं. तीन, ज्याला वेगळं वागता येणं शक्यच नव्हतं, त्याला जबाबदार धरता येत नाही. चार, तरीही माणसं काही वेळा आपल्या कृत्यांना जबाबदार असतात.

यातलं एकेक विधान सुटं वाचलं तर मान डोलवावीशी वाटते. पण चारही एकत्र खरी असू शकत नाहीत. पहिली तीन मानली की चौथं पडतं, कोणालाच जबाबदार धरता येत नाही. इथे भावना, श्रद्धा, अनुभव यांचा आधार कितीही घेतला तरी सुटका नाही. काहीतरी सोडावंच लागतं.

पहिलं विधान सोडणारे म्हणतात, माणसाचे निर्णय पूर्णपणे पूर्वकारणांनी बांधलेले नसतात. याची किंमत अशी, की निर्णय कारणांनी ठरत नसेल तर तो निव्वळ योगायोगापेक्षा वेगळा कसा, हे सांगावं लागतं. क्वांटम भौतिकशास्त्रातल्या अनिश्चिततेकडे बोट दाखवून भागत नाही. माझा हात योगायोगाने हलला तर त्यात माझं स्वातंत्र्य कुठे आलं? दुसरं सोडणारे म्हणतात, ‘वेगळं करता आलं असतं’ म्हणजे ‘त्याची इच्छा वेगळी असती तर त्याने वेगळं केलं असतं’, आणि एवढं तर कारणांनी बांधलेल्या जगातही खरं असू शकतं. त्यांना विचारता येतं, पण ती इच्छा वेगळी होणं त्याच्या हातात होतं का?

तिसऱ्या विधानावर १९६९ साली हॅरी फ्रँकफर्टने एक नेमका घाव घातला. समजा, एका माणसाने एक गुन्हा करायचं स्वतःच्या मनाने ठरवलं आणि केला. त्याला ठाऊक नाही, पण कोणीतरी त्याच्यावर गुप्तपणे नजर ठेवून होतं. तो माघार घेतोय असं दिसताच ती व्यक्ती त्याच्या मेंदूत हस्तक्षेप करून त्याच्याकडून तेच करवून घेणार होती. हस्तक्षेपाची गरजच पडली नाही. आता, या माणसाला वेगळं वागता आलं असतं का? नाही. तो जबाबदार आहे का? आहे, असंच बहुतेकांना वाटतं. म्हणजे इतकं स्वयंसिद्ध वाटणारं तिसरं विधान डळमळीत झालं. चौथं विधान सोडणारेही आहेत, आणि त्यांचा हिशेब सर्वांत मोठा : शिक्षा, कृतज्ञता, राग, पश्चात्ताप, सगळ्याचा अर्थ नव्याने लावायला हवा.

या वादाचा निकाल लागलेला नाही. पण ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून सोडून देण्याच्या पातळीवर तो आता राहिलेला नाही. कोणती वाट धरली की कुठे जाऊन पोहोचतो, याचा नकाशा तयार आहे.

लक्षण आणि परीक्षा

हा नकाशा काढायची साधनं कोणती? न्याय म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधनं यांचा विचार करणारं भारतीय दर्शन. त्याच्या मूळ ग्रंथावरच्या, न्यायसूत्रांवरच्या, आपल्या भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राची पद्धत तीन पायऱ्यांत सांगितली आहे : उद्देश, लक्षण, परीक्षा. आधी ज्याबद्दल बोलायचं त्याचं नाव घ्या, मग त्याला इतरांपासून वेगळं काढणारी खूण सांगा, मग ती खूण टिकते का ते तपासा. लक्षणात तीन दोष होऊ शकतात. न्यायाच्या पाठांत नेहमी गायीचं उदाहरण येतं. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. ‘ज्ञान म्हणजे काय’ किंवा ‘न्याय म्हणजे काय’ अशा प्रश्नांवर आजही जे चालतं, ते बरंचसं हेच. कोणी लक्षण मांडतो, दुसरा एक उदाहरण काढून ते अव्याप्त किंवा अतिव्याप्त आहे असं दाखवतो.

या पद्धतीची कमाल बघायची तर आठव्या शतकातल्या धर्मोत्तराकडे जावं. ज्ञान म्हणजे खरं ठरणारं, आपल्याला यशस्वीपणे वस्तूपर्यंत नेणारं मत, एवढी व्याख्या पुरेल का? बौद्ध तर्कशास्त्राच्या परंपरेतल्या या पंडिताने एक प्रसंग कल्पिला. कोणीतरी नुकताच विस्तव पेटवून त्यावर मांस भाजायला ठेवलं आहे. धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचा थवा वर घोंघावतोय. लांबून पाहणाऱ्याला तो काळा थवा म्हणजे धूर वाटतो आणि तो म्हणतो, ‘तिथे विस्तव आहे.’ त्याचं मत खरं आहे, विस्तव आहेच. धुरावरून विस्तवाचं अनुमान करण्यात पद्धतीची चूकही नाही. तरी त्याला ते ‘माहीत होतं’ असं म्हणवत नाही. मत खरं निघालं ते नशिबाने.

१९६३ साली अमेरिकेत एडमंड गेटियरने अवघ्या तीन पानांचा लेख छापला. त्यात अशाच जातीची दोन उदाहरणं होती, आणि ‘खरं आणि सबळ आधार असलेलं मत म्हणजे ज्ञान’ या व्याख्येला त्यांनी तडा दिला. त्यानंतर त्या तीन पानांवर किती लेख लिहिले गेले, याची मोजदाद अवघड आहे. दोघांमध्ये जवळपास बाराशे वर्षांचं अंतर, आणि गेटियरच्या लेखात धर्मोत्तराचा मागमूस नाही. दोन परंपरा स्वतंत्रपणे एकाच खाचखळग्यात अडखळतात तेव्हा तो खळगा खरोखरच तिथे असावा, असं मानायला जागा आहे.

विश्वदृष्टीशी याचा संबंध काय? आपल्या कितीतरी पक्क्या मतांची अवस्था त्या लांबून पाहणाऱ्यासारखी असते. निष्कर्ष बरोबर, पण ज्या खुणेवरून काढला ती खूण भलतीच. मत खरं आहे की खोटं, एवढ्यावर थांबता येत नाही. ते आपल्याकडे कोणत्या वाटेने आलं हेही बघावं लागतं. प्रमाणांवर, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या खात्रीच्या साधनांवर, भारतीय दर्शनांनी एवढी शक्ती खर्च केली ती यासाठीच. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, प्रत्यक्ष (इंद्रियांचा अनुभव), अनुमान, उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं) अशी चार प्रमाणं मानतात, बौद्ध तर्कपंडित पहिली दोनच. चार्वाकांच्या नावावर फक्त प्रत्यक्ष मांडलं जातं, आणि त्यावरचा जुना आक्षेप अजूनही झणझणीत आहे : ‘प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण नाही’ हे तुम्हाला कोणत्या डोळ्यांनी दिसलं? विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या विचारवंतांनी ‘जे अनुभवाने पडताळता येत नाही आणि निव्वळ तर्काचंही नाही, ते विधान निरर्थक’ असा निकष लावला, तेव्हा तेही याच सापळ्यात सापडले. तो निकष स्वतः कसा पडताळायचा? एखादं मत स्वतःलाच लावून बघणं ही फार स्वस्त आणि फार जालीम चाचणी आहे. ‘सगळी सत्यं सापेक्ष असतात’ असं ठासून सांगणाऱ्यावर ती एकदा करून पाहावी.

पूर्वपक्ष नीट मांडणं

आपल्याकडच्या शास्त्रीय ग्रंथांची एक शिस्त मला आजच्या कुठल्याही चर्चेपेक्षा वरची वाटते. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडायचं, आणि मगच उत्तरपक्ष. न्यायसूत्रांत चर्चेचे प्रकारच वेगळे केले आहेत. सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सुरुवात चार्वाकापासून होते, आणि पुढचं दर्शन आधीच्याला उत्तर देत वर चढत जातं. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले आहेत. ते काय म्हणत होते हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून. अर्थात विरोधकाने केलेली मांडणी कितपत प्रामाणिक, हा प्रश्न राहतोच.

विश्वदृष्टी घडवताना पूर्वपक्षाचा उपयोग सौजन्यापुरता नसतो. आपल्या मताची किंमत आपल्याला दिसत नाही, ती न मानणाऱ्याला लगेच दिसते. डेव्हिड ह्यूमने १७३९-४० च्या आपल्या ग्रंथात नीतिशास्त्राच्या लेखकांबद्दल अशीच एक गोष्ट टिपली : ‘आहे’, ‘नाही’ अशी वाक्यं चाललेली असतात आणि मध्येच, कसलंही कारण न देता, ‘असायला हवं’ सुरू होतं. ‘निसर्गात असंच असतं, म्हणून माणसाने असंच वागावं’ हे वाक्य बोलणाऱ्याला त्यातली उडी जाणवत नाही. ती दाखवायला समोर कोणीतरी लागतो.

पाया की नाव

एवढी तपासणी केल्यावर उभारायचं कसं? रने देकार्तने १६४१ साली एक टोकाचा मार्ग धरला. ज्यावर जराही शंका घेता येते ते सगळं बाजूला काढायचं. इंद्रियं फसवतात, ती गेली. कदाचित हे सगळं स्वप्न असेल. कदाचित एखादी महाबलाढ्य दुष्ट शक्ती दोन अधिक तीन पाचच होतात असंही मला खोटंच भासवत असेल. शेवटी उरलं ते शंका घेणाऱ्याचं स्वतःचं अस्तित्व. त्या एका खडकावर सगळी इमारत पुन्हा बांधायची. खडक पक्का होता, पण फारच लहान. त्यावरून बाहेरच्या जगाकडे यायला देकार्तला ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करावं लागलं, आणि ती सिद्धता त्याच्या समकालीनांनाही पुरेशी पटली नाही.

ओटो नॉयराथ या व्हिएन्नाच्या विचारवंताने याविरुद्ध दिलेली प्रतिमा प्रसिद्ध आहे : आपण भर समुद्रातल्या जहाजावरचे खलाशी आहोत. जहाज गोदीत नेऊन पूर्ण उघडायची सोय नाही. एक फळी बदलायची तर बाकीच्या फळ्यांवर उभं राहूनच बदलावी लागते. कुठलीही फळी बदलता येते, सगळ्या एकदम नाही. मला ही प्रतिमा देकार्तच्या खडकापेक्षा कितीतरी खरी वाटते. कोणीही शून्यापासून विचार सुरू करत नाही.

नीतीच्या प्रांतात जॉन रॉल्सने १९७१ साली या कामाची एक रीत सांगितली. समजा, आपण तत्त्व धरलं : जास्त जीव वाचतील ते करावं. सुटलेली ट्रॉली पाच जणांवर जातेय, कळ फिरवून ती एकाकडे वळवता येईल, तर वळवावी असं पुष्कळांना वाटतं. तत्त्व जुळलं. आता एका निरोगी माणसाला मारून त्याचे अवयव पाच रुग्णांना देता येतील. इथेही एकाच्या बदल्यात पाच वाचतात, पण हे करावं असं जवळपास कोणालाच वाटत नाही. फिलिपा फूट आणि ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी अशा उदाहरणांवर बारकाईने काम केलं. इथे दोनच वाटा असतात : तत्त्वाला मुरड घालायची (माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, अशी काहीतरी भर टाकायची), नाहीतर आपली ती सहजप्रतिक्रिया चुकीची होती असं मान्य करायचं. कधी तत्त्व वाकतं, कधी प्रतिक्रिया. असं मागेपुढे करत दोन्हींचा मेळ बसवायचा. हा मेळ कायमचा नसतो, नवं उदाहरण आलं की पुन्हा कामाला लागायचं.

पण अशा रीतीने एकमेकांशी नीट जुळलेल्या, तरीही परस्परविरोधी विश्वदृष्टी दोन असल्या तर? विल्हेल्म डिल्थायने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच म्हटलं : तत्त्वज्ञानाच्या इतिहासात विश्वदृष्टींचे मोजके नमुने पुन्हा पुन्हा येतात आणि त्यातला कुठलाच बाकीच्यांना कायमचा हरवू शकत नाही. विल्यम जेम्सने १९०७ मध्ये त्याहून खोचक गोष्ट सांगितली, की तत्त्वज्ञानातले झगडे बरेचसे स्वभावांचे झगडे असतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. कुठल्या मताकडे आपण आधी ओढले जाऊ हे स्वभाव ठरवत असेल, पण त्या मतामागे येणारी देणी स्वभावाने माफ होत नाहीत.

शंका कुठवर न्यायची, हा मात्र उघडा प्रश्न आहे, आणि त्यावरची माझी सर्वांत आवडती लढत संस्कृतात झाली. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त म्हटलं, ‘व्याघातावधिराशङ्का’, म्हणजे शंकेची हद्द व्याघातापर्यंत, स्वतःशीच विरोध येईपर्यंत. धूर हवा म्हणून जो स्वतः विस्तव पेटवतो, त्याने विस्तव आणि धूर यांच्या नात्यावर शंका घेऊ नये. त्याची कृतीच त्याच्या शंकेला खोडते. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त हाच श्लोक उचलला, त्यातले थोडेसे शब्द बदलले आणि तो उदयनावरच उलटवला : व्याघात असेल तर शंका आहेच, कारण शंकेशिवाय व्याघात होणार कशाशी? आणि व्याघात नसेल तर शंकेला अडवणारं काहीच उरलं नाही. नंतर गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त उत्तर दिलं, की अडथळा शंकेशी होणाऱ्या विरोधातून येतच नाही, तो शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्यातून येतो. एकाच वेळी विस्तव पेटवायला धावणं आणि तो धुराचं कारण आहे की नाही याबद्दल साशंक असणं, हे घडतच नाही. श्रीहर्षाच्या बाजूचा माणूस यावर म्हणेल, वागण्यातून एवढंच दिसतं की मी तसं धरून चालतो. ते खरं आहे, हे अजून दाखवायचं राहिलंय.